क्लीव्हलंडच्या ब्राउन्सवेड्या मराठी मंडळींना खुलं पत्र: यंदा पहिल्या राउंडला क्यूबी मागू नका

नमस्कार मंडळी,

सोलन, स्ट्राँग्सव्हिल, पार्मा, वेस्टलेक, ॲक्रन, जिथे कुठे असाल तिथे, हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे, म्हणजे सीझनमध्ये रविवारी दुपारी एकच्या आत जेवणं उरकून टीव्हीसमोर ब्राउन्सची, म्हणजे आपल्या अमेरिकन फुटबॉल टीमची, मॅच बघायला बसणाऱ्या प्रत्येकाला. २३ एप्रिल जवळ आलाय, ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजची पोरं टीममध्ये घ्यायचा कार्यक्रम, यंदा नेमका पिट्सबर्गला, म्हणजे आपल्या कट्टर वैऱ्यांच्या गावात, गाडीने दोन-सव्वादोन तास, आणि आपल्यातले बरेच जण जायचं ठरवून बसलेत. जा, जरूर जा. पण त्याआधी आपल्यात जे चाललंय ते बघून मला राहवेना. पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंडाच्या रांगेत दोन मोठी माणसं, एक आपले सोलनचे काका आणि एक ॲक्रनचा दादा, टाय सिम्पसन या क्वार्टरबॅकला, म्हणजे क्यूबीला, घ्यायचं की नाही यावरून इतकी भांडली की एकमेकांचा निरोप न घेता घरी गेली. वीस-वीस वर्षांची ओळख आहे हो तुमची. आणि भांडण कशावरून, तर ज्या पोराने कॉलेजमध्ये जेमतेम एक सीझन खेळलाय त्याच्यावरून.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. यंदा ६ नंबरला क्यूबी नको, आणि २४ नंबरला तर अजिबात नको.

ज्यांच्या घरी यंदाच कोणी नव्याने फुटबॉल बघायला लागलंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, टीम कॉलेजची पोरं आळीपाळीने उचलतात, एकेक पाळी म्हणजे एक पिक, सगळ्यांची पाळी झाली की एक राउंड, जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर आधी, इथे आयपीएलसारखी बोली नसते. आपण गेल्या सीझनला ५ जिंकल्या, १२ हरलो, म्हणून आपला ६ वा. २४ वा जॅक्सनव्हिलचा आहे, गेल्या वर्षी आपण आपला २ नंबर त्यांना दिला, त्यांनी ट्रॅव्हिस हंटर घेतला, आणि त्याच्या बदल्यात आपल्याला जे मिळालं त्यात हा पिक पण होता. आणि क्यूबी म्हणजे क्वार्टरबॅक, ज्याच्या हातात प्रत्येक वेळी बॉल येतो, ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त शिव्या पडतात.

आता हा २४ नंबर. पहिल्या राउंडचा शेवट जवळ आलाय, एक क्यूबी अजून शिल्लक आहे, सगळे म्हणतायत की घ्या घ्या, एवढ्या खाली मिळतोय म्हणजे फायदाच की. हे आपण आधी केलंय आणि एकदा नाही, तीनदा केलंय. २००७ ला ब्रेडी क्विन, २२ वा पिक. २०१२ ला ब्रँडन वीडन, २२ वा पिक. २०१४ ला जॉनी मॅन्झेल, परत २२ वा पिक. तोच नंबर तीन वेळा! क्विनसाठी आपण डॅलसला पुढच्या वर्षीचा पहिला राउंड देऊन टाकला, ओहायोचं पोरगं, लहानपणापासून ब्राउन्सचा फॅन, काय काय म्हणालो आपण तेव्हा, आणि आपल्याकडे त्याचे जेमतेम १२ स्टार्ट, म्हणजे पहिल्यापासून क्यूबी म्हणून उतरला अशा मॅच. वीडनला घेतलं तेव्हा तो २८ वर्षांचा होता, आधी बेसबॉल खेळून आलेला, आणि त्याच ड्राफ्टमध्ये रसेल विल्सन ७५ नंबरपर्यंत बसून होता. मॅन्झेलचं तर सांगायलाच नको. दोन वर्षांत ८ स्टार्ट, त्यात २ जिंकल्या, आणि २०१६ च्या मार्चमध्ये सोडून दिला. मॅन्झेल घेतला त्या रात्री या गावात दिवाळी झाली होती, डाउनटाऊनमध्ये लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते, मला चांगलं आठवतंय.

पण मला जे सांगायचंय ते या तिघांबद्दल नाहीच. त्याच तीन ड्राफ्टमध्ये आपण आणखी कोणाला घेतलं ते बघा जरा.

२००७ मध्ये क्विनच्या आधी, ३ नंबरला, जो थॉमस. विस्कॉन्सिनचा लेफ्ट टॅकल, म्हणजे क्यूबीच्या पुढे लाइनमध्ये उभं राहून त्याला वाचवणारा. ड्राफ्टच्या दिवशी तो न्यूयॉर्कला स्टेजवर सूट घालून नव्हता, वडिलांबरोबर लेक मिशिगनवर बोटीत मासे पकडत होता. त्या पोराने पुढे एकही स्नॅप, म्हणजे बॉल सुटून सुरू होणारा एकेक डाव, न चुकवता सलग १०,३६३ स्नॅप खेळले, २० वेगवेगळ्या क्यूबींच्या अंगावर येणारी माणसं अडवली, आणि २०२३ मध्ये कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, आपल्या घरापासून तासाभरावर. २०१४ मध्ये मॅन्झेल २२ ला, आणि पुढच्या दिवशी ३५ ला जोएल बिटोनियो, गार्ड, त्याच लाइनमधला. गेल्या सीझनपर्यंत तो आपल्यासाठी उभा होता, १२ सीझन! २०१२ मध्ये वीडन २२ ला, आणि ३७ ला मिचेल श्वार्ट्झ, राइट टॅकल, ज्याला आपण २०१६ ला जाऊ दिलं आणि जो कॅन्सस सिटीला जाऊन सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला. २०१८ मध्ये क्यूबी बेकर मेफिल्ड १ ला, आणि ३५ ला बॉल घेऊन पळणारा निक चब, ज्याच्यावर या शहराने पोटच्या पोरासारखं प्रेम केलं. आणि गेल्या वर्षी? आपण सगळे दोन क्यूबींवरून, दिलन गॅब्रिएल ९४ ला का घेतला आणि शदूर सँडर्स १४४ पर्यंत का घसरला यावर महिनाभर डोकं फोडत होतो, आणि तेवढ्यात ३३ ला घेतलेला कार्सन श्वेसिंगर डिफेन्सिव्ह रूकी ऑफ द इयर, म्हणजे पहिल्या वर्षाच्या बचावपटूंत सर्वोत्तम, झाला, आणि तिसऱ्या राउंडचा हॅरल्ड फॅनिन, आपला कँटनचा पोरगा, बोलिंग ग्रीनचा, टीममध्ये सगळ्यात जास्त कॅच घेऊन गेला. या दोघांवरून श्रीखंडाच्या रांगेत कोणी भांडलं होतं का? मला तरी आठवत नाही.

दर वेळी ज्याच्यावरून आपला घसा बसला तो गेला, आणि ज्याचं नाव आल्यावर आपण चहा करायला उठलो तो राहिला.

जो थॉमसचे जुने व्हिडिओ तुम्हाला सहज मिळतील, एकदा बॉलकडे न बघता फक्त त्याच्या पायांकडे बघा. बॉल सुटला की डावा पाय तिरका मागे, उजवा त्याच्या मागोमाग सरपटत, परत डावा, परत उजवा, गुडघे वाकलेले, पाठ ताठ, दोन्ही हात छातीपाशी थांबलेले, आणि समोरचा सव्वाशे किलोचा माणूस जवळ आला की नेमक्या त्या क्षणी दोन्ही तळवे त्याच्या छातीवर. पाय एकदाही एकमेकांत अडकत नाहीत. तेवढ्यात मागे क्यूबीला अडीच-तीन सेकंद मिळतात आणि त्या अडीच सेकंदात त्याने काय केलं यावर आपण दुसऱ्या दिवशी ऑफिसात तासभर बोलतो. हे अडीच सेकंद कोणी दिले ते मात्र बोलत नाही.

आणि ते दिले नाहीत तर काय होतं ते पण आपण या गावात पाहिलंय. १९९९. टीम बाल्टिमोरला नेली होती, तीन वर्षं रविवार रिकामे गेले, नवीन टीम आली, आणि पहिलाच पिक टिम काउच, अख्ख्या ड्राफ्टचा १ नंबर. नवी टीम, नवी लाइन, कोणाचा कोणाला पत्ता नाही, आणि २२ वर्षांच्या पोराला उभं केलं समोर. पहिल्याच वर्षी ५६ सॅक. ५६ वेळा जमिनीवर आपटलं त्याला. २००२ मध्ये बाल्टिमोरच्या रेव्हन्सविरुद्ध आपल्याच स्टेडियमवर त्याच्या डोक्याला मार लागला, तो पडला, आणि आपल्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅचनंतर तो पत्रकारांसमोर रडला. मंडळी, हे पिट्सबर्गवाल्यांनी नाही केलं, हे आपल्या स्टँडमध्ये झालं. आणि त्याच सीझनमध्ये तो आपल्याला प्लेऑफला घेऊन गेला. नंतर लोक काउचच्याच २ नंबरच्या जर्सीवर, पाठीवर टेप लावून, पुढच्या प्रत्येक क्यूबीचं नाव खाली खाली लिहीत गेले. आज तो आकडा ४२ झालाय, शदूर सँडर्स ४२ वा. १९९९ पासून ४२ स्टार्टर! मला सांगा, ४२ च्या ४२ पोरं कच्ची होती? पोरं तर वेगवेगळ्या कॉलेजांतून आली, वेगवेगळ्या राउंडमध्ये आली. मग ४२ वेळा जे तेच राहिलं ते काय होतं?

काउचनंतरही आपण शिकलो नाही. २०१७ ला डिशोन कायझर, दुसरा राउंड, २१ वर्षांचा, १५ स्टार्ट, २२ इंटरसेप्शन, म्हणजे त्याने फेकलेले आणि समोरच्यांनी झेललेले बॉल, टीम ०-१६. त्या पोराला एक वर्ष बसवून शिकवायला पाहिजे होतं हे तेव्हा शेंबडं पोर पण सांगत होतं. वर्षभरात त्याला ग्रीन बेला देऊन टाकला, विषय संपला.

आता तुम्ही म्हणाल की ताई, क्यूबीशिवाय या लीगमध्ये काही होत नाही. खरंय. शंभर टक्के खरंय. आपल्याच डिव्हिजनमध्ये बघा ना, सिनसिनाटीकडे जो बरो, बाल्टिमोरकडे लमार जॅक्सन, आणि आपण वर्षातून चार मॅच यांच्याशी खेळतो. आपला बचावपटू माईल्स गॅरेटने गेल्या सीझनला २३ सॅक केल्या, लीगच्या इतिहासात एका सीझनमध्ये कोणी एवढ्या केल्या नाहीत, आणि त्या वर्षी आपण ५ जिंकल्या. पाच! एवढा मोठा खेळाडू, ३० वर्षांचा झाला, आणि त्याच्या हातून वर्षं निसटतायत हे बघून मला तुमच्याइतकंच वाईट वाटतं. म्हणून तर उतावीळ होऊ नका म्हणतेय. बरोचंच घ्या. २०२० चा १ नंबर, कंबाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीला, पंजा मोजला तर ९ इंच, त्यावर किती चर्चा झाली होती की एवढ्या लहान हाताने बॉल कसा पकडणार. पंज्याने काहीच अडलं नाही. अडलं ते लाइनमुळे. पहिल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये गुडघा गेला, दुसऱ्या वर्षी ५१ सॅक, प्लेऑफला टेनेसीविरुद्ध एका मॅचमध्ये ९. एवढा गुणी पोरगा, तरी दर दोन वर्षांनी काही ना काही मोडून घरी बसतो. आपली लाइन त्याहून बरी आहे का? बिटोनियो, टेलर, पोसिक, कॉन्क्लिन, सगळ्यांचे करार या सीझनबरोबर एकदमच संपले. म्हणजे नवा पोरगा आणून उभा करणार कोणाच्या मागे?

२०१८ चं पण बोलू या, कारण तिथे तर आपल्याकडे १ आणि ४ दोन्ही पिक होते आणि पाच क्यूबी पहिल्या राउंडमध्ये गेले. मेफिल्ड १, डार्नल्ड ३, ॲलन ७, रोझन १०, लमार ३२. तेव्हाची आपली भांडणं आठवा. जॉश ॲलन नको, वायोमिंगला ५६ टक्के ॲक्युरसी, हा काय फेकणार. लमारला तर टीव्हीवरचे मोठमोठे लोक रिसीव्हर, म्हणजे बॉल झेलणारा, हो म्हणून सल्ला देत होते. आज ॲलनकडे एक एमव्हीपी, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, आहे, लमारकडे दोन. रोझनला ॲरिझोनाने एका वर्षात काढलं. आणि डार्नल्ड? जेट्सनी सोडला, पँथर्सनी सोडला, नाइनर्सकडे बेंचवर बसला, मिनेसोटाला १४ मॅच जिंकून दिल्या तरी त्यांनी जाऊ दिला, आणि यंदा फेब्रुवारीत त्याच डार्नल्डने सीहॉक्सबरोबर पॅट्रियट्सना २९-१३ हरवून सुपर बोल जिंकला. २०१८ च्या वादाचा एक निकाल २०२६ मध्ये लागला. ज्यांना एप्रिलमध्ये पोराला बघून शंभर टक्के कळतं असं वाटतं त्यांनी एवढं एक उदाहरण डोळ्यासमोर ठेवा.

आणि आपला मेफिल्ड. रूकी वर्षात २७ टचडाऊन, तेव्हाचा रेकॉर्ड. पहिल्या तीन वर्षांत चार हेड कोच, ह्यू जॅक्सन, ग्रेग विल्यम्स, फ्रेडी किचन्स, स्टेफान्स्की, दर वर्षी नवी भाषा नवी पाठांतरं. तरी त्याने २०२१ च्या जानेवारीत पिट्सबर्गला जाऊन ४८-३७ जिंकून दिलं, १९९५ च्या जानेवारीनंतरचा आपला पहिला प्लेऑफ विजय, त्या रात्री आमच्या गल्लीत लोक बर्फात बाहेर येऊन भांडी वाजवत होते. पुढच्या सीझनला डावा खांदा फाटलेला असताना खेळला, खराब खेळला, आणि आपण काय म्हणालो, याच्यात काही दम नाही, मोठा क्यूबी आणा. आणला. तीन पहिले राउंड दिले, २३ कोटी डॉलर पूर्ण गॅरंटीचे दिले, आणि डिशॉन वॉटसन आणला.

यावर मी जरा थांबणार आहे. वीसहून जास्त बायकांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले होते. त्याने ते नाकारले, फौजदारी खटला उभा राहिला नाही, पण लीगने स्वतःच्या चौकशीनंतर ११ मॅच बसवलं आणि ५० लाख डॉलर दंड केला. हे सगळं समोर असताना आपल्या टीमने त्याला लीगमधला सगळ्यात भक्कम करार दिला. त्या वर्षी आपल्यातल्या कितीतरी बायकांनी जर्सी कपाटात टाकल्या, मी पण टाकली, आणि आपल्याच काही पुरुष मंडळींनी आम्हाला सांगितलं की अहो खेळ आणि बाकीचं वेगळं ठेवा. नाही ठेवता येत हो. आपल्या मुली शेजारी बसून बघतात ती मॅच. आणि नुसत्या खेळाचंच बोलायचं तर तीन सीझनमध्ये मिळून १९ मॅच खेळला, मग पायाची शीर तुटली, परत तुटली. मेफिल्डला आपण पाचव्या राउंडच्या एका पिकसाठी दिला आणि तो टॅम्पाला जाऊन दोनदा डिव्हिजन जिंकला. तेलही गेलं तूपही गेलं हाती धुपाटणं आलं, याहून दुसरं काय म्हणणार. आणि हे सगळं 'आत्ताच्या आत्ता क्यूबी पाहिजे' या एका हट्टापायी.

आता यंदाची पोरं. फर्नांडो मेंडोझा आपल्याला मिळणार नाही, तो पहिलाच जाणार, लास व्हेगसकडे १ नंबर आहे. आणि गंमत बघा, गेल्या ऑगस्टमध्ये आपण कोणाची नावं घेत होतो? नुसमायर, ॲलर, क्लबनिक, आर्च मॅनिंग. ॲलरचा घोटा ऑक्टोबरमध्ये मोडला, नुसमायर पोटाच्या दुखापतीत अडकला, क्लबनिकच्या क्लेमसनचा सीझनच बसला, आर्च टेक्ससला राहिला. मेंडोझाचं नाव आपल्यात एकाच्याही तोंडी नव्हतं. कॅलिफोर्नियाहून इंडियानाला गेलेला, हायस्कूलमध्ये कोणी फारसं विचारलं नव्हतं त्याला, आणि त्याने हाइजमन, कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, घेतला, इंडियानाला १६-० नेलं, फायनलला मायामीविरुद्ध चौथ्या डाउनवर, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, स्वतः बॉल घेऊन, मार खात, आडवा होऊन एंड झोनमध्ये घुसला. सहा महिन्यांत यादी उलटी झाली. मग याच यादीवर विसंबून एकमेकांशी अबोला धरायचा?

राहिला टाय सिम्पसन. पोरगा मला आवडतो हे आधी सांगते. वडील स्वतः कॉलेजचे कोच, त्यामुळे मैदानावरचं वाचन चांगलं आहे, बॉल लवकर सोडतो, अलाबामाला तीन वर्षं बेंचवर थांबला पण दुसरीकडे पळाला नाही, आजकाल हे दिसत नाही. पण एकूण स्टार्ट १५. पंधरा! त्यातही सीझनच्या उत्तरार्धात घसरला, आणि 'रोझ बोल' या मोठ्या मॅचमध्ये इंडियानाने ३८-३ धुतलं तेव्हा बरगडीला लागून बाहेर गेला. इतक्या कमी मॅचवर पहिल्या राउंडला घेतलेली पोरं आठवा, ट्रुबिस्की १३ स्टार्ट, शिकागोने २ नंबरला घेतला, अँथनी रिचर्डसन १३ स्टार्ट, इंडियानापोलिसने ४ ला. काय झालं दोघांचं ते तुम्हाला माहितीय. कॅम न्यूटन होता म्हणाल तर होता, ऑबर्नला एकच सीझन खेळून आला आणि एमव्हीपी झाला, पण कॅम न्यूटनसारखं शरीर पिढीत एखाद्याला मिळतं. सिम्पसनला चांगल्या लाइनमागे, एक वर्ष बसवून, एका कोचच्या हाताखाली ठेवलं तर तो होईलही मोठा. आपल्याकडे आज यातलं काय आहे?

शदूरबद्दल. आपल्यात दोन तट पडलेत आणि दोन्हीकडचे लोक मला ऐकवतात. एका तटाला तो डिऑन सँडर्स या गाजलेल्या माजी खेळाडूचा पोरगा म्हणून देव वाटतो, दुसऱ्याला त्याच कारणासाठी डोळ्यासमोर नको. दोघांनी पण जरा मॅच बघा. ७ स्टार्ट, ३ जिंकल्या, त्यात पिट्सबर्ग आणि सिनसिनाटी दोन्ही. टेनेसीविरुद्ध ३६४ यार्ड फेकले तरी हरलो. ७ टचडाऊन, १० इंटरसेप्शन. बॉल हातात फार वेळ ठेवतो, कोलोरॅडोत दोन सीझनमध्ये ९४ सॅक खाल्ल्या, ती सवय इथेही आली, आणि ती सवय मोडायला वेळ लागतो. तो आपला पुढच्या दहा वर्षांचा क्यूबी आहे असं मी म्हणत नाही. तो नाहीच असंही सात मॅचवरून, अर्धी लाइन दवाखान्यात असताना, मी म्हणणार नाही. नवे कोच टॉड मंकेन आलेत, या माणसाच्या हाताखाली लमारने दुसरा एमव्हीपी घेतला आणि त्याआधी जॉर्जियात स्टेटसन बेनेट नावाच्या वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये आलेल्या, पोराला घेऊन लागोपाठ दोन नॅशनल टायटल जिंकली. त्यांना एक वर्ष, एक धड लाइन आणि हाताशी आहेत ती पोरं द्या. नाही जमलं तर पुढच्या वर्षी आर्च मॅनिंग, डांटे मूर असे बरेच जण येण्याची शक्यता आहे, तेव्हा मी स्वतः तुमच्याबरोबर क्यूबी क्यूबी म्हणून ओरडेन, आणि तेव्हा त्याला उभं करायला घर तरी बांधलेलं असेल.

मग ६ आणि २४ ला काय? माझं मत, ६ ला टॅकल. यूटाचा स्पेन्सर फॅनो, किंवा अलाबामाचा केडिन प्रॉक्टर, यांच्यातला जो टीमच्या डॉक्टर आणि कोचच्या नजरेत बसेल तो. २४ ला रिसीव्हर, कारण सगळ्यात जास्त कॅच एका रूकी टाइट एंडच्या, म्हणजे फॅनिनच्या, नावावर असणं ही काही मिरवायची गोष्ट नाही. ओहायो स्टेटचा कार्नेल टेट २४ पर्यंत राहणार नाही हे मला पण कळतं, बकाय, म्हणजे ओहायो स्टेटच्या, लोकांनी लगेच मेसेज करू नका, ६ ला त्याला घेतलं तरी मी तक्रार करणार नाही. आणि दुसऱ्या राउंडला परत लाइन. आपलं नशीब तिसाच्या पुढे-मागेच उघडतं हे वर सांगितलंच आहे.

सोलनचे काका, तुमचा मुद्दा की गॅरेटचं वय निघून चाललंय, तो मला पटतो आणि तो सगळ्यात दुखणारा मुद्दा आहे. ॲक्रनच्या दादा, तू पाहिलेस तेवढे सिम्पसनचे व्हिडिओ आपल्यात कोणी पाहिले नसतील, तुझी मेहनत खरी आहे. पण तुम्ही दोघं हाताची ताकद, उंची, चाळीस यार्डचा वेळ यावर भांडलात. एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही की हा पोरगा स्टार्ट किती करून आलाय, दबाव आला की बॉल सोडतो की धरून बसतो, आणि इथे आला तर त्याला शिकवणार कोण आणि किती वर्षं. पुढच्या वेळी या तीन प्रश्नांवर भांडा, मी श्रीखंड आणून देईन तिथे उभ्याला.

२३ तारखेला जे पिट्सबर्गला जाणार नाहीत ते संध्याकाळी आमच्याकडे बेसमेंटला या, ड्राफ्ट आठला सुरू होतो, मिसळ सातला तयार असेल. येताना प्रत्येकाने एका कागदावर दोन नावं लिहून आणा, एक तुमच्या क्यूबीचं, आणि एक लाइनवरच्या कोणत्याही पोराचं, ज्याची किमान तीन मॅच तुम्ही खरोखर बसून बघितली असेल. सोलनचे काका आणि ॲक्रनच्या दादा, तुम्ही दोघं एकाच सोफ्यावर बसायचं. आणि २४ ला कमिशनरने खरंच सिम्पसनचं नाव वाचलं, तर त्या रात्री बेसमेंटमध्ये सगळ्यात आधी टाळ्या मी वाजवीन, आणि सप्टेंबरमध्ये त्याचं पहिलं इंटरसेप्शन गेलं की आपल्यातल्या कोणीही 'बू' करायचं नाही, हे तिथेच सगळ्यांकडून वदवून घेईन.

तुमची,
स्ट्राँग्सव्हिलची ताई